मुकुटबनहून उत्तर येईपर्यंत

सोमवार, ८ डिसेंबर २०१४

आले एकदाची यवतमाळला! नाशिकहून बडनेऱ्यापर्यंत रेल्वे, पुढे एसटी. एसटीत शेजारी बसलेल्या आजोबांनी माझी सगळी कुंडली काढली. दोन आठवड्यांच्या कामाला आलेय म्हटल्यावर त्यांनी विचारलं, की थंडीचं इतक्या दूर एकट्या बाईले कंपनी काहून पाठवते? मी म्हटलं, बाकीचे सगळे लग्न झालेले आहेत, मी लग्न होऊन सुटलेली आहे. आजोबा त्यानंतर उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कापूस खरेदी संघाचं ऑफिस आहे. तीन खोल्या, पुढे पटांगण, पटांगणात कडुनिंब. भिंतीला भिंत लावून कापूस पिंजणारा जिनिंगचा कारखाना. त्याची घरघर दिवसभर चालते आणि रुईचे तंतू खिडकीतून आत तरंगत येतात. हेडक्लार्क वामनराव म्हणाले, मॅडम, इथं सकाळी आलेला माणूस संध्याकाळी पांढऱ्या केसांनी घरी जाते. स्वतःच्या विनोदाला स्वतःच हसतात, म्हणजे आमचं जमेल. गेटवर गुलाबसिंग. येताजाता कडक सलाम ठोकतो. मला आयुष्यात कुणी सलाम ठोकला नव्हता, त्यामुळे मी आज दोनदा विनाकारण गेटबाहेर जाऊन आले.

राहायला विमलताईंच्या घरची वरची खोली. डबाही त्याच देणार. तिखटानं कान गरम झाले, पण वांग्याची भाजी अशी नाशकात मिळत नाही.

माझ्या लेकीचा, मितूचा फोन चारला आला. सहा वर्षांची आहे आणि नुकतीच घड्याळ शिकलीय. मोठा काटा बारावर, छोटा चारवर आला की आजीकडून फोन लावून घेते. मिनिटभर आधी नाही, मिनिटभर उशिरा नाही. वीस तारखेला सकाळी मी घरी असेन, असं तिला कबूल केलंय. तिनं कॅलेंडरवर वीसला गोल केला, आणि तो गोल किती मोठा आहे हे मला फोनवर सांगितलं.

मंगळवार, ९ डिसेंबर

काम काय ते लिहून ठेवते. संघाच्या प्रत्येक माणसाची ओळख इथल्या मुख्य मशीनमध्ये ठेवायची: तो कोण, कुठल्या केंद्रावर, कशाला हात लावू शकतो. माणूस सोडून गेला की इथं त्याचं नाव बंद करायचं आणि त्याच्या केंद्रावरच्या मशीनला हुकूम सोडायचा की तिकडेही बंद कर. आजवर हा हुकूम टपालपेटीत पत्र टाकावं तसा जायचा. टाकलं आणि विसरलं. पोचलं की नाही, देव जाणे. त्यामुळे गेलेली माणसं केंद्रांवर जिवंतच राहिली. म्हणजे त्यांची नावं. आता मी बसवतेय ते फोनसारखं आहे. हुकूम सोडायचा आणि रिसीव्हर कानाला लावून थांबायचं. पलीकडून ‘झालं’ असं उत्तर येईपर्यंत इकडचं सगळं काम अडवून धरायचं. किती थांबायचं याची मर्यादा सेकंदांत घालता येते.

वामनरावांना हे सांगितलं तर ते म्हणाले, यात नवीन काय? संघात तीस वर्षांपासून हीच रीत आहे. कुणाचंही नाव हजेरीपटावरून असंच कापत नाहीत. वामनराव केंद्रावर फोन लावतात, माणसानं स्वतः म्हणायचं, मले मोकळं करा. मगच लाल रेघ. माणूस मेला असेल तर घरचं कुणी येऊन म्हणतं. एका वर्षी कुणीतरी न विचारता रेघ ओढली होती आणि तो माणूस त्या वेळी काट्यावर कापूस मोजत उभा होता. फार अपशकुनी काम, म्हणे. मला ही रीत आवडली. आमच्या कंपनीत कुणाला कापतात तेव्हा त्याला ईमेलही नीट येत नाही.

बुधवार, १० डिसेंबर

आज पहिली चाचणी. अकरा केंद्रांना साधा प्रश्न: तुझ्याकडे कुणाकुणाची नावं आहेत? दहा केंद्रांनी दोन सेकंदांत याद्या दिल्या. केळापूरची यादी सगळ्यात लांब. अकरावं मुकुटबन. त्याला चाळीस सेकंद लागले आणि एकच नाव आलं, कपिल गोहोकार. तेवढ्यात शेजारचं जिनिंग बंद पडलं आणि उत्तर आल्यावर सुरू झालं. लाइट गेली म्हणावं तर माझा बल्ब चालू होता.

वामनरावांना विचारलं. दोन वर्षांपूर्वी मुकुटबनचं केंद्र बंद केलं. कापूसच येईना. ऑपरेटर कपिलला कागद गेला, की पुढील आदेशापर्यंत मशीन चालू ठेवावं. पुढचा आदेश काढायचा राहून गेला. पोरगा रोज सायकलनं येऊन रिकाम्या केंद्रात बसायचा. वामनरावांना कधी फोन करायचा आणि आधी बराच वेळ काही बोलायचाच नाही, मग म्हणायचा, काही नाही साहेब, लाइन चालू आहे का पाहून राह्यलो. मागच्या हिवाळ्यात एका दुपारी खुर्चीतच गेला. घरचं कुणी नव्हतं. मोकळं करा असं म्हणायला कुणीच नाही, म्हणून नाव तसंच राहिलं. खोलीला कुलूप आहे, किल्ली वामनरावांच्या ड्रॉवरमध्ये. मशीन आदेशानुसार चालू.

हे सांगताना ते हसले नाहीत.

शुक्रवार, १२ डिसेंबर

माझ्या मनगटावरचं बाबांचं चावीचं घड्याळ तीन मिनिटं पुढे गेलंय. तीस वर्षांत हे घड्याळ कधी चुकलं नाही; बाबा चुकायचे. काल आणि आज मिळून मुकुटबनला पाच वेळा विचारलं. दर वेळी उशीर, दर वेळी बाहेरची घरघर थांबते. बेरीज करून पाहिली. तीन मिनिटं.

घड्याळ भिंतीवरच्याशी लावून घेतलं. योगायोग असणार.

शनिवार, १३ डिसेंबर

मुद्दाम मर्यादा पाच मिनिटं ठेवली आणि मुकुटबनला कपिलचं नाव बंद करायचा हुकूम सोडला. मग खिडकीशी गेले. गेटपाशी गुलाबसिंग बिडी पेटवत होता. काडीची ज्योत सरळ उभी. हलत नव्हती आणि काडी जळतही नव्हती. खिडकीतल्या उन्हात रुईचे तंतू जिथल्या तिथे अडकलेले. मी फुंकर मारली, तेवढेच माझ्यासमोरचे हलले, बाकीचे तसेच. मागे वामनराव माझ्याशी बोलत होते, त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. मी त्यांना हाक मारली. खांद्याला हात लावला. अंग गरम होतं.

पाच मिनिटं झाली. पडद्यावर आलं: उत्तर नाही. जिनिंग घरघरलं आणि वामनरावांनी वाक्य पूर्ण केलं. विमलताईंच्या हातची कढी खाऊन पाहा, असं काहीतरी. मी खुर्चीवरून खिडकीशी कधी गेले, एवढंच त्यांना कळलं नाही.

रविवार, १४ डिसेंबर

सुट्टी. दिवसभरात तोंडातून निघालेले शब्द: डबा ठेवा, हो, आणि चहा नको. चारला मितूशी बोलले. सहा मिनिटं. मग पुन्हा खोली.

इथं मी कुणाची कुणी नाही. उद्या मी दिसले नाही तर गुलाबसिंगचा सलाम तेवढा वाया जाईल. नाशकातही दोन जुन्या मैत्रिणी, आई आणि मितू, बस. खरं तर जगात मला रोज वेळेवर हाक मारणारं एकच माणूस आहे, आणि ते सहा वर्षांचं आहे.

सारखा त्या पोराचा विचार येतो. रिकाम्या खोलीतून फोन लावायचा आणि बोलायला काही नसायचं.

सोमवार, १५ डिसेंबर

मुकुटबनला पुन्हा नावं विचारली. उत्तर: कपिल गोहोकार, हजर.

हा ‘हजर’ शब्द या सॉफ्टवेअरमध्ये कुठेच नाही. मी शोधला. तीन तास शोधला.

बुधवार, १७ डिसेंबर

कंपनीत साहेबांना फोन केला. जग थांबतं हे सांगितलं नाही. मुकुटबन उत्तर देत नाही एवढंच सांगितलं. ते म्हणाले, अकराच्या अकरा केंद्रांना हुकूम जायला पाहिजे, नाही तर काम अपुरं, आणि अपुरं काम टाकून यायचं नाही. माझं तिकीट परवा संध्याकाळचं आहे.

तीस सेकंद ठेवून पाहिलं. उत्तर नाही. त्या तीस सेकंदांत मी डोळे मिटून घेतले. काहीच ऐकू येत नाही तेव्हा स्वतःचं रक्त ऐकू येतं. मला परत त्यात जायचं नाही.

गुरुवार, १८ डिसेंबर

ठरलं. मुकुटबनसाठी वाट बघण्याची मर्यादा शून्य ठेवायची. म्हणजे हुकूम सोडायचा आणि थांबायचंच नाही. हुकूम गेल्याची नोंद होईल, साहेब खूश, मी बसमध्ये. कपिलचं नाव राहिलं तर राहिलं. वामनरावांची रीत मोडत नाही, उलट पाळलीच जाते.

मितूसाठी इथल्या बाजारात लाकडी बैलजोडी घेतली.

शुक्रवार, १९ डिसेंबर

दुपारचे ३.५२. बॅग भरून टेबलाखाली ठेवलीय. चारला मितूचा फोन, मग एसटी स्टँड. मर्यादा शून्य केली. हुकूम सोडतेय.

१९ डिसेंबर, ३.५२

घरघर थांबली.

मी म्हटलं, शून्य आहे, आत्ता सुरू होईल. माझ्या घड्याळात वीस मिनिटं झाली. मग माहितीपुस्तिका उघडली. आधीच्या कंपनीतल्या सॉफ्टवेअरमध्ये शून्य म्हणजे थांबू नकोस. इथं शून्य म्हणजे मर्यादा नाही. एका ओळीत लिहिलंय, पान एकशे बारा. ती ओळ मी वाचली नव्हती.

१९ डिसेंबर, ३.५२

प्लग काढला. पडदा तसाच चालू. ‘उत्तराची प्रतीक्षा.’ फोन लागत नाही, फोनवरही ३.५२. वामनराव चष्मा पुसताहेत. मी त्यांच्यासमोर बसून रडले आणि त्यांनी चष्मा पुसायचं थांबवलं नाही आणि पुसलाही नाही.

नाशकात मितू घड्याळाखाली उभी असेल. मोठा काटा बारावर यायला आठ मिनिटं.

१९ डिसेंबर. माझ्या घड्याळानं एक दिवस झाला

झोपले, उठले, तीच दुपार. ऊन जागचं हलत नाही. मी हात लावते ते हलतं, बाकी नाही. माठातलं पाणी ओतता येतं, नळाचं येत नाही.

पलीकडचं उत्तर आल्याशिवाय हे सुटणार नाही. इकडे कुणी उत्तर देणार नाही. तिकडेच जायला हवं. वामनरावांच्या ड्रॉवरमधून किल्ली घेतली. माफ करा, असं मोठ्यानं म्हटलं. गुलाबसिंगची सायकल घेतली. विमलताईंच्या स्वयंपाकघरातल्या भाकरी घेतल्या. शंभर किलोमीटरच्या वर आहे.

१९ डिसेंबर. दोन दिवस

पांढरकवड्याचा रस्ता. ट्रक उभे, चाकांमागची धूळ उभी. शेतांत कमरेला ओटी बांधलेल्या बाया, बोटं बोंडावर. एक हसता हसता राहिलीय. तिच्याशेजारी बसून भाकर खाल्ली. तिला मितूबद्दल सांगितलं, सगळं, अगदी जन्मल्यापासून. तिच्या मटक्यातलं पाणी प्याले. निघताना तिच्या डोक्यावरचा पदर नीट केला. उगाच.

१९ डिसेंबर. तीन? घड्याळाला चावी द्यायची विसरले होते

केळापूर मागे पडलं. देवळाच्या पायरीवर झोपले. सावली सरकत नाही, ती एक सोय — आवाज नाही — कुत्रंही नाही — मी मितूचं नाव मोठ्यानं घेत पायडल मारते, नाही तर स्वतःचा आवाज विसरेन —

१९ डिसेंबर. मुकुटबन

कुलूप उघडलं. आत टेबल, मशीन, खुर्ची. खुर्चीत एक तरुण, अंगात स्वेटर. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

हलला तो. इतक्या दिवसांत हलणारं पहिलं माणूस. मला भीती वाटायला हवी होती. मी दाराला धरून खाली बसले आणि हुंदके देऊन रडले, बरं वाटून.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, बसा. तुमीच इचारून राह्यल्या होत्या न नावं? मले लय बरं वाटलं.

मी म्हटलं, तू हो म्हण. बंद करायला हो म्हण.

तो म्हणाला, पह्यल्या दिवसापासून हो दाबून राह्यलो. मशीन घेत नाही.

१९ डिसेंबर. तिथेच

पाहिलं मी. खरं आहे. केंद्रावरचं शेवटचं नाव बंद करता येत नाही; आधी त्या जागी दुसरं द्यावं लागतं. हा नियम सॉफ्टवेअरचाच. मीच अकराही केंद्रांवर लावलाय, पहिल्या मंगळवारी. पडद्यावर कपिलच्या नावाखाली रिकामी ओळ आणि कर्सर.

कपिल म्हणाला, कोनाचं लिवू? माह्यापाशी कोनाचंच नाव नव्हतं.

वामनरावांचं नाव लिहिलं मी. लाज वाटते, पण लिहिलं. मग गुलाबसिंगचं. मग साहेबांचं, ते लिहिताना लाज वाटली नाही. तिन्ही परत आली: व्यक्ती हजर नाही. ज्याचं नाव त्यानं स्वतः इथं असायला हवं.

कपिल माझ्याकडे बघत नाही. मुद्दाम बघत नाही. तुमी म्हणान तवाच, असं म्हणाला. नाही म्हणल्या तरी चालते. गोठी करू. चार तं वाजत नाही.

१९ डिसेंबर

किती वेळ बसलो माहीत नाही. तो गेलेल्या आईचं सांगतो, कापसाच्या पऱ्हाटीचं, सायकलचं. चांगला मुलगा आहे. इथं भूक लागत नाही. राहता येईल असं वाटायला लागलं — हेच सगळ्यात —

मितू टाचा उंचावून उभी आहे. आठ मिनिटं. मी बसून राहिले तर ती तशीच, कायम, हात फोनकडे. मोठी होणार नाही. वीस तारीख येणार नाही.

नको. तिची वीस तारीख यायला पाहिजे. माझ्याशिवाय आली तरी.

१९ डिसेंबर

नाव लिहिलं. हो दाबलं.

कपिल उठला. मले मोकळं केलं, म्हणाला, नमस्कार केला, उन्हात गेला — उन्हात दिसेना —

मी खुर्चीत. बाहेर ट्रकचा हॉर्न! बाया बोलताहेत. फोनवर ३.५३. चाललंय. चाललंय!

३.५६

दाराशी गेले. परत खुर्चीत. पुन्हा गेले — खुर्चीत. रस्त्यावरच्या बाईला हाक मारली, तिनं दार उघडं पाहिलं, आत पाहिलं, कडी लावून गेली.

४.००

वाजतोय. मितू. फोन टेबलावर, इथं, वीतभर — पेन उचलता येतं, वही उचलता येते, फोन नाही — बोटं त्याच्यावर आहेत आणि नाहीत — सहावी रिंग — बाळा मी आहे — आजी म्हणत असेल ठेव आता, कामात असेल — ठेवू नकोस — मितू थोडं थांब — थां